चान्स किती टक्के?

‘चान्सेस किती?’ हा प्रश्न आपण कशालाही लावतो. प्रमोशनला, वेटिंग लिस्टवरच्या तिकिटाला, लग्न जमण्याला. वाणगावच्या माझ्या मावसबहिणीने परवा तो स्पीच थेरपीच्या मास्टर्सला लावला. बाईसाहेब बीएएसएलपी करतायत. म्हणजे बॅचलर इन ऑडिऑलॉजी अँड स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी. (एका दमात म्हणून दाखवा!) तीन वर्षं झाली, चौथ्या वर्षाची इंटर्नशिप संपत आलीये.

‘दादा, तू एचआरमध्ये आहेस ना? मग आकडा सांग. वीस टक्के? पन्नास?’

आता, असा आकडा कोणी देत असेल तर तो फेकतोय असं समजा. पण अंदाज नक्की बांधता येतो. त्यासाठी प्रश्नाचे तीन तुकडे करायचे.

पहिला तुकडा हो किंवा नाहीचा. फॉर्म भरायला पात्र आहात का? आमच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीने हे सगळं ऐकून लगेच विचारलं, ‘मी पण करू का रे? एक्सेलचा कंटाळा आलाय.’ तिचं बी.कॉम. भारतात या मास्टर्ससाठी याच विषयातली बॅचलर डिग्री लागते, तीही रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाने मान्य केलेल्या संस्थेतली. म्हणजे मैत्रिणीचा चान्स शून्य आणि तो मुलाखतीत गोड बोलून वाढणार नाही. अमेरिकेत मात्र दुसऱ्या विषयाचे पदवीधर आधी ठरावीक पूर्वतयारीचे कोर्स करून अर्ज करू शकतात. दार उघडं आहे, पण वर्षं आणि डॉलर दोन्ही जास्त.

दुसरा तुकडा गर्दीचा. वाणगावकरांचं नशीब बघा, मुंबईतल्या दोन मोठ्या संस्था पश्चिम रेल्वेवरच आहेत. मुंबई सेंट्रलच्या नायर हॉस्पिटलमध्ये हे शिक्षण १९६६ पासून चालतं आणि वांद्रे रेक्लमेशनला १९८३ साली सुरू झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. पुण्यात भारती विद्यापीठ, आणि घर सोडायची तयारी असेल तर मैसूरची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग. पण मास्टर्सच्या जागा शेकड्यांत नाहीत, डझनांत मोजायच्या. म्हणून ‘मला बासष्ट टक्के आहेत’ याला एकट्याने काही अर्थ नाही. आपल्या कॅटेगरीत जागा किती, प्रवेश परीक्षेला वजन किती, गेल्या वर्षी शेवटचा प्रवेश कितव्या नंबरला मिळाला, हे तीन आकडे प्रत्येक संस्थेसाठी कागदावर उतरवा. नियम बदलत असतात, तेव्हा माहितीपत्रक यंदाचंच वाचा. सिनियरने सांगितलेलं गेल्या वर्षीचं असतं.

अमेरिकेचं डोक्यात असेल तर तिथली संघटना आहे अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशन. १९२५ सालची, आणि आद्याक्षरं जोडली की होते ‘आशा’! नाव सार्थ आहे, कारण कुठल्या विद्यापीठाकडे किती अर्ज आले, किती जणांना होकार गेला, त्यांचे ग्रेड काय होते, हे ती वेबसाइटवर चक्क मांडून ठेवते. बऱ्याच ठिकाणी आता जीआरई लागत नाही. मग वजन कशाला? ग्रेड, शिफारसपत्रं आणि तुमचं निवेदन.

आणि इथे येतो तिसरा तुकडा: तुमच्याकडे असं काय आहे जे बाकीच्यांकडे नाही? बहिणीने निवेदनाचा मसुदा पाठवला. पहिलंच वाक्य, ‘मला लोकांशी संवाद साधण्याची आवड आहे.’ अगं, ही आवड तर कॉल सेंटरच्या प्रत्येक बायोडेटात असते! पानभर मजकुरात वाणगावचं नावही नाही. का? तर म्हणे, ‘गावंढळ वाटतं रे.’

हिच्या घराच्या आसपास मराठी, वारली आणि गुजराती रोज कानावर पडते. इंटर्नशिपमध्ये एका मुलाला तिच्याकडे पाठवलं होतं, कारण तो ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतो आणि ‘कावळा’ला ‘तावळा’. हिने आधी त्याच्या आईला बोलतं केलं. आईही ‘पानी’च म्हणत होती. म्हणजे ती घरची बोली, तिला उपचार कसला करायचा? पण ‘क’च्या जागी ‘त’ आई म्हणत नव्हती, घरात कोणीच म्हणत नव्हतं. थेरपी हवी होती ती तिथे. बोलीतला फरक आणि बोलण्यातला दोष वेगळे काढणं हा या विषयाचा गाभा आहे आणि जगभरची पाठ्यपुस्तकं तो शिकवतात. हिला तो वाणगावने फुकट शिकवला होता, आणि नेमकं तेच तिने अर्जातून गाळलं होतं.

स्ट्रोकनंतर वाचा गेलेल्या माणसाचंही तसंच. त्याला परत बोलतं करायचं तर त्याच्या घरच्या भाषेतूनच सुरुवात सोपी जाते. ती भाषा येणारा थेरपिस्ट मिळणं हीच खरी चणचण आहे.

तर बहिणीसाठी हिशोब असा: पात्रता आहे, गर्दी दांडगी आहे, भांडवल भरपूर आहे पण लपवून ठेवलंय. म्हणून एकाच संस्थेवर बेतायचं नाही. एक स्वप्नातली, दोन बरोबरीच्या, एक खात्रीची, अशा चार तरी ठिकाणी अर्ज. निवेदन पहिल्या ओळीपासून नवं, आणि त्यात तो ‘पानी’वाला मुलगा हवाच, अर्थात नाव-गाव न सांगता.

आणि नाहीच मिळालं तर? बीएएसएलपी आणि कौन्सिलचं रजिस्ट्रेशन एवढ्यावर प्रॅक्टिस करता येते. वर्षभर डहाणू-पालघरच्या पट्ट्यात काम कर म्हटलं. पुढच्या वर्षी तोच अर्ज एका वर्षाच्या अनुभवाने जड झालेला असेल.