सहाणेचं घराणं

कुणाचे यजमान जुनी नाणी जमवतात, कुणाचे पोस्टाची तिकिटं. आमच्या ह्यांनी जुने बेंच ग्राइंडर जमवले. नाण्यांचा अल्बम कपाटात मावतो. बिडाचा ग्राइंडर मावत नाही, आणि एकेकाचं वजन पंधरा-वीस किलो. कुकटपल्लीच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये जिन्याखाली असे अकरा नग आहेत.

इकडे ग्राइंडर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे इडलीचं पीठ येतं. नव्यानं राहायला आलेल्या एका शेजारणीला वॉचमननं सांगितलं, की दुसऱ्या मजल्यावरच्या अम्मांकडे अकरा ग्राइंडर आहेत. ती बिचारी मुलीच्या बारशाच्या इडल्यांची ऑर्डर द्यायला आली! तिला खाली नेऊन दाखवलं. मधे मोटर, तिच्या एकाच दांड्याच्या दोन टोकांना दोन दगडी चाकं, एक भरड आणि एक बारीक. लेथवरचे टर्नर ह्याच्यावर आपल्या हत्यारांना धार लावतात. ती म्हणाली, “हां, सान!” मला गंमत वाटली. मराठीत सहाण, माझ्या माहेरच्या कानडीत साणे, तिच्या तेलुगूत सान. संस्कृतातल्या ‘शाण’चीच ही सगळी लेकरं. आपल्याकडे तर गावोगाव शिकलगार आडनावाची घरं आहेत. त्यांच्या पूर्वजांनी तलवारींना धार आणि चकाकी दिली. धारेचा धंदा आपल्याला काही नवा नाही.

हा छंद कुकटपल्लीतच का वाढला, ते इथला नकाशा पाहिला की कळतं. आज मियापूरहून निघालेली मेट्रो २०१७ पासून आमच्या डोक्यावरून जाते आणि तिच्यात सगळी कॉम्प्युटरवाली मुलं असतात. पण शेजारीच बालानगर आणि सनतनगर. सनतनगरची ऑल्विन १९४२ची, जिचे फ्रिज आपल्याकडेही घरोघर होते. सिकंदराबादची प्रागा टूल्स १९४३ची, ती तर मशीन टूल्सच बनवायची. बालानगरला आयडीपीएलचा औषधांचा मोठा कारखाना होता, आणि टूल डिझाइन शिकवणारी केंद्र सरकारची संस्था तिथे १९६८ पासून आहे. हे बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर हात बसवून इकडे एका टूलरूममध्ये लागले. (लक्ष्मणराव किर्लोस्करांनीही सुरुवात बेळगावातल्या सायकलच्या दुकानातून केली, हे ह्यांनी हैदराबादेत किती जणांना ऐकवलं असेल, त्याची गणती नाही.) पुढे एकेक मोठा कारखाना बंद पडत गेला. तिथली माणसं बालानगरच्या गल्ल्यांत छोटे लेथ टाकून बसली आणि हत्यारं भंगारात निघाली. रविवारी एर्रगड्ड्याचा बाजार, नाहीतर गुरुवारी जुन्या शहरातला जुमेरात बाजार. भाजीची पिशवी घेऊन गेलेला माणूस मोटर घेऊन परत यायचा.

जुन्यात एवढं काय आहे, असं मी विचारलं होतं. जाड बीड, त्यामुळे यंत्र थरथरत नाही. बेअरिंग बदलता येतं, तांब्याची तार पुन्हा भरता येते, बेकेलाइटचा स्विच खोलून साफ करता येतो. मात्र आणल्याबरोबर कधीही चालू करायचं नाही. आधी मेगर लावून वायंडिंगचं इन्सुलेशन तपासायचं, अर्थिंग घालायचं. पन्नास वर्षांपूर्वीच्या वायरवर माणसानं विश्वास ठेवू नये.

उपयोग म्हणाल तर सगळ्या इमारतीच्या विळ्या आमच्याकडे येतात. माझी ईळगी, शेजारणींची कत्तिपीट. पातं चाकाला टेकलं की हे आधी ठिणग्या बघतात. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ आणि थोड्या. कार्बन जास्त असलेल्या पोलादाच्या ठिणग्या पुढे जाऊन फुलबाजीसारख्या फुटतात. बिडाच्या तांबूस, आखूड. माझ्या सासूबाईंच्या विळीचं पातं असं फुललं, की हे मला हाका मारत सुटले. असं पातं दाबून घासायचं नाही, घडीघडी पाण्यात बुडवायचं. कडेवर निळा रंग चढला की पोलादाचं पाणी उतरलं, मग ती धार टिकत नाही.

आता जरा गंभीर. ह्यांच्या पहिल्या नोकरीत, कारखान्याचं नाव घेत नाही, शेजारच्या टेबलावरचं चाक फुटलं आणि बरोबरीच्या कामगाराचा एक डोळा गेला. सहा इंची चाक मिनिटाला २,८०० च्या आसपास फिरतं, म्हणजे त्याची कड ताशी ८० किलोमीटरनं पळत असते. त्यातून सुटलेला तुकडा काय करील? म्हणून आमच्याकडे नियम कडक. माठ घेताना आपण वाजवून घेतो, तसं चाक बोटावर लटकवून लाकडी मुठीनं वाजवायचं. खणखणलं तर ठीक, बद्द बोललं तर आत चीर. चाकावरच्या कागदी चकतीवर लिहिलेले फेरे मोटरच्या फेऱ्यांपेक्षा जास्तच हवेत. टेका चाकापासून तीन मिलिमीटरहून लांब नको. चष्मा हवाच, हातमोजे नकोत, ते ओढले जातात. पदर खोचल्याशिवाय मी तिकडे फिरकत नाही. चालू केल्यावर मिनिटभर बाजूला उभं राहायचं.

आता ह्यांचं वय चौऱ्याहत्तर आणि उजव्या हाताला कंप आहे. चिरंजीवांनी नवा फ्लॅट घेतला आहे, तिथे आम्ही दोघांनी जायचं ठरलं. ग्राइंडरना तिथे जागा नाही. मुलानं भंगारवाला बोलावला. त्यानं बिडाचा एक भाव सांगितला, तांब्याचा दुसरा. हे काहीच बोलले नाहीत, नुसते आत जाऊन बसले. मला त्या शांततेची भीती वाटली. भंगारवाल्याला मीच चहा देऊन परत पाठवलं.

मग बालानगरच्या ओळखीच्या टर्नरांना निरोप गेले. नव्यानं शेड टाकलेली मुलं आली. नऊ ग्राइंडर त्यांना द्यायचे ठरले, पैसे जमतील तसे. हातानं फिरवायची एक छोटी सहाण आमच्याबरोबर येणार, ती टेबलाला शिकंजासारखी बसते आणि हात कापला तरी कुणाचा डोळा जात नाही. दुसरा एक ग्राइंडर मुलाच्या नकळत येणार, त्याची व्यवस्था मी केली आहे. ह्यांची अट एकच होती. यंत्र न्या, जुनं चाक नेऊ नका. सगळी चाकं उतरवून ह्यांनी पोत्यावर ठेवली आणि मुलांच्या देखत हातोडीनं फोडली. एकाला वाईट वाटलं, म्हणाला, “सार, चांगली होती ती.” हे म्हणाले, “तुझा डोळापण चांगला आहे.”

शेवटच्या ग्राइंडरचं डाव्या बाजूचं नट काही सुटेना. पोरगा घामाघूम होऊन पाना डावीकडे ओढत होता. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. पदर खोचून मी म्हटलं, “अरे बाबा, डावीकडचे आटे उलटे असतात. उजवीकडे फिरव.”