मूल घरी बसलंय म्हणजे रिकामं नाही



बीज कधी येणार, हिशोब कधी वाचणार, एवढंच आम्ही इथं लिहितो. आज विषय वेगळा आहे, पण घरोघरचा आहे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि मोबाईलवरची शाळा आपल्या चलथाणात आली. शाळा परत उघडल्या, पण मोबाईलवरचा अभ्यास काही गेला नाही. कुणाचा क्लास ऑनलाइन आहे, कुणी कामावर जाऊन मुक्त विद्यापीठातून पदवी करतंय, कुणी सरकारच्या 'स्वयम्' वरून कोर्स घेतलाय. आणि घराघरात एकच तक्रार : "पोरगं दिवसभर मोबाईल घेऊन बसतं, अभ्यास काही दिसत नाही."

आमचं मत जरा कडू लागेल. पोराला वेळ सांभाळता येत नाही हे अर्धंच खरं. उरलेला अर्धा वेळ आपण मोठी माणसं खातो.

आमच्याच घरची गोष्ट. मुलीचा क्लास सकाळचा, आणि तलावावरून माल येतो तोही सकाळीच. फोन एकच. मध्येच बर्फवाल्याचा फोन, मग टेम्पोवाल्याचा, मग भाव विचारणारा व्यापारी. तिची आई म्हणणार, "घरीच तर आहेस, जरा काटा धर." ती वर्गात बसली असती तर तिला कुणी हाक मारली असती का? हे आम्हाला कळायला वर्ष गेलं.

आपण तलावात रोहू, कटला, मृगळ वाढवतो. खाद्य कसं टाकतो? रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी, बेताचं. थोड्याच दिवसांत मासे त्या वेळेला आपोआप काठाशी जमतात. तीन दिवस काही टाकलं नाही आणि चौथ्या दिवशी चार टोपल्या ओतल्या, तर मासा वाढत नाही, पाणी मात्र नासतं. अभ्यासाचंही तेच. आठवड्याचे सगळे व्हिडिओ रविवारी रात्री बघून डोक्यात काही राहत नाही.

तारखेचंही भान हवं. 'स्वयम्' वर आयआयटीवाल्यांचे जे एनपीटीईएलचे कोर्स असतात, त्यात दर आठवड्याला असाइनमेंट असते. तिचे २५ टक्के गुण, परीक्षेचे ७५. तारीख गेली की असाइनमेंट घेत नाहीत. नंतर बघू म्हणणाऱ्याचे गुण तिथंच जातात.

म्हणून आमचं सांगणं :

मुलांनो, आठवड्याचं वेळापत्रक कागदावर लिहून भिंतीला लावा, म्हणजे घरच्यांनाही दिसेल. एका बैठकीत एकच विषय घ्या, पाऊण तास पुरे. वहीत लिहीत बघा, नुसतं ऐकू नका. क्लास चालू असताना बाकीचे मेसेज बंद ठेवा. रोजचा डेटा रील्समध्ये संपवण्याआधी उद्याचा धडा उतरवून ठेवा, कमी क्वालिटीत उतरवला तरी फळा दिसतो. आणि जागरण करू नका. रात्री दोनला बघितलेला धडा सकाळी आठवत नाही.

आई-बापांनो, रोजचे दोन तास पोराचे म्हणून सोडा. त्या वेळात हाक नाही, काम नाही, टीव्हीचा आवाज नाही. फोन एकच असेल तर ती वेळ धंद्याच्या गर्दीची धरू नका. बाप मिलमध्ये बारा तासांच्या पाळीला जात असेल आणि फोन त्याच्याबरोबर जात असेल, तर तो घरी असतो तेव्हाची वेळ ठरवा. आणि ज्या घरात मुलगा-मुलगी दोघं शिकतात, तिथं मुलीचेही दोन तास मुलाइतकेच पक्के हवेत. पहिली हाक तिलाच जाते, हे आपल्याला माहीत आहे.

आम्ही घरी आता बर्फवाल्याला क्लास सुटल्यानंतरची वेळ दिली आहे. धंदा काही बुडाला नाही.

तुमच्या घरी कोणते दोन तास ठरले, खाली कळवा.

— सचिव