गिअरचा दांडा कापण्यापूर्वी

"मिस्त्री, गिअरचा पल्ला कमी करून द्या," अशी मागणी घेऊन पेण-रोह्याच्या गॅरेजात एखादे तरुण गिऱ्हाईक आले, की आपल्या कारागीर बांधवांनी लगेच करवत उचलू नये. टेकूच्या वरच्या 30 सेंटिमीटर दांड्यातले 5 कापले, तर पल्ला सहाव्या हिश्शाने घटतो, पण हाताला जोर पाचव्या हिश्शाने जास्त लागतो. वर घाईने गिअर टाकायची सवय जडली, तर सिंक्रो रिंगही लवकर झिजते. पुष्कळदा दोष दांड्याचा नसतोच. झिजलेले बुश बदलले की ढिलाई जाते. त्यात मजुरी कमी मिळते, हे खरे! तरी आधी तेच सुचवावे. मालातला ऐब सांगून विकणारे आपण, कामातला का लपवावा? दांडा कापायचाच झाला, तर वॉरंटी जाण्याचा धोका बिलावर लिहून गिऱ्हाईकाची सही घ्यावी.