दाराची किल्ली कोणाकडे?

वर्तकनगरातील म्हाडाच्या एका जुन्या इमारतीत, तळमजल्यावर एका पतसंस्थेचे कार्यालय आहे. ठेवीदार म्हणजे वागळे इस्टेटच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले कामगार, शिक्षक आणि पोळीभाजी केंद्र चालविणाऱ्या भगिनी. कार्यालयाच्या दाराला दोन कुलपे. एक किल्ली व्यवस्थापकांकडे, दुसरी चिटणीसांकडे. तिजोरीचीही व्यवस्था तशीच चोख. परंतु या कार्यालयाला आणखी एक दार होते आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे, हे संचालक मंडळातील एकालाही ठाऊक नव्हते. ते दार म्हणजे फळीवर लुकलुकणारा राऊटर.

काही वर्षांपूर्वी विक्रेत्याच्या माणसाने तो बसवून दिला होता. पुढे तो माणूस नोकरी सोडून गेला. एके दिवशी डोंबिवलीच्या शाखेशी असलेली जोडणी तुटली आणि दोन दिवस दूरध्वनीवर आकडे विचारून खतावणी लिहावी लागली. तंत्रज्ञानाची थोडीफार जाण म्हणून प्रस्तुत लेखकाला बोलावणे आले. आम्ही सहज म्हणून कारखान्यातून येतो तोच सांकेतिक शब्द टाकून पाहिला. दार उघडले! जोडणी दुरुस्त झाल्याचा आनंद वाटण्याऐवजी सर्वांच्या पोटात गोळा उठला. जे आम्हाला पहिल्या प्रयत्नात साधले, ते कोणालाही साधले असते.

ही भीती काल्पनिक नव्हे. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील लक्षावधी कॅमेरे आणि घरगुती राऊटर ताब्यात घेतले, ते कारखान्यातील मूळ सांकेतिक शब्दांची साठेक जोड्यांची यादी वापरून. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला तिच्या हल्ल्याने अमेरिकेतील ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या बड्या सेवा काही तास ठप्प झाल्या. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. त्या लुटीची रीत वेगळी होती. पण सहकारी संस्था चोरांच्या नजरेत नाहीत, हा आपला गोड समज तिने कायमचा मोडला.

संचालक मंडळाने नवा, मोठ्या क्षमतेचा राऊटर घेतला आणि एक चांगला निर्णय केला. तो संस्थेच्याच तरुण लिपिकाने, स्वतःच्या हाताने सिद्ध करायचा. रविवारी सकाळी आम्ही बसलो. बाहेरची तार मुद्दाम जोडली नाही. संगणकापासून थेट कन्सोलची केबल लावली, वेग ९६०० ठेवला आणि काळ्या पडद्यावर पहिली ओळ उमटली. प्रथम उपकरणाला नाव, मग नवा सांकेतिक शब्द. आतल्या बाजूला १९२.१६८ ने आरंभ होणारा खासगी पत्ता, बाहेरच्या बाजूला सेवा पुरवठादाराने दिलेला. त्यानंतर बाहेरची वाट, पत्त्यांचे रूपांतर आणि कोणाला आत सोडायचे याची यादी. दुरून प्रवेशासाठी उघड्यावर बोलणारे टेलनेट बंद, कूटबद्ध एसएसएच सुरू.

सर्व लिहून झाले, तरी पलीकडून उत्तर येईना. अर्ध्या तासाने उमगले की राऊटरची दारे मुळातच बंद असतात. ‘नो शटडाउन’ ही आज्ञा दिल्याविना ती उघडत नाहीत. पुढे वीज घालवून पाहिली, तर सकाळपासूनचे श्रम पुसले गेले! चालू स्मृतीतील मजकूर कायम स्मृतीत उतरविण्याची शेवटची आज्ञाच द्यायची राहिली होती. सुदैवाने त्या मुलाने प्रत्येक ओळ वहीत टिपली होती. वीस मिनिटांत सारे पूर्ववत झाले. या दोन चुकांनी त्याला जे शिकविले, ते कोणत्याही माहितीपत्रकाने शिकविले नसते. परवानगीच्या यादीत ज्याचे नाव नाही त्याला अखेरीस नकारच, हा न लिहिलेला नियमही त्याला त्याच दिवशी कळला.

काही मंडळी विचारतील, आज उपकरणे आपोआप सिद्ध होतात, मग हा खटाटोप कशासाठी? नवशिक्याच्या हाती संस्थेचे दार देणे धोक्याचे नाही काय? हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच काम संपल्यावर एका अनुभवी जाणकाराकडून सर्व रचना तपासून घेतली. तज्ज्ञ बोलवावा, यंत्रणा स्वयंचलितही घ्यावी. आमचा आग्रह एवढाच की, संस्थेतील एकाने तरी एकदा ते सारे हाताने केलेले असावे. ज्याने केले आहे, त्यालाच बिघाड कोठे ते कळते आणि तज्ज्ञाला प्रश्नही तोच विचारू शकतो.

आपल्या देशातील संगणक जाळे असेच हाताने उभे राहिले. १९८६ साली सुरू झालेल्या ‘अर्नेट’ प्रकल्पात मुंबईची आयआयटी आणि जुहूचे एनसीएसटी हे केंद्र सहभागी होते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य ग्राहकांना इंटरनेट खुले केले, त्याच्या कितीतरी आधी तेथील अभियंत्यांनी स्वतः जोडण्या करून ही विद्या आत्मसात केली होती.

मात्र एकाच माणसाला सारे ठाऊक असणे हाही धोकाच. शिवछत्रपतींनी गडाचा कारभार एकाच्या हाती ठेवला नाही. हवालदार, सबनीस, कारखानीस असा अधिकार वाटून दिला. पतसंस्थेनेही आता तेच केले आहे. सांकेतिक शब्द मोहोरबंद लिफाफ्यात तिजोरीत, रचनेची प्रत दुसऱ्या ठिकाणी आणि प्रत्येक बदलाची तारीख व स्वाक्षरीसह नोंदवहीत नोंद. केंद्र शासनाच्या ‘सर्ट-इन’ने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कंपन्या आणि शासकीय संस्थांना घड्याळे अधिकृत वेळेशी जुळविण्यास, नोंदी १८० दिवस जपण्यास आणि घातपात ध्यानी आल्यापासून सहा तासांत कळविण्यास सांगितले. त्यातील शहाणपण छोट्या संस्थांनीही उचलावे.

वाचकांपैकी अनेक जण शाळा, वाचनालये, पतपेढ्या, रुग्णालये आणि गृहनिर्माण संस्था यांची धुरा वाहत असतात. पुढच्या बैठकीत त्यांनी एकच प्रश्न विचारावा : आपल्या राऊटरचा सांकेतिक शब्द कोणी, कधी बदलला? उत्तर आले नाही, तर येत्या रविवारी एखाद्या होतकरू तरुणाला सोबत घेऊन, वही-पेन्सिल घेऊन बसावे. ठेवीदार आपल्या आयुष्याची पुंजी विश्वासाने आणून ठेवतात. त्या विश्वासाची राखण परक्याच्या विस्मरणावर सोडता येत नाही.