मामाची मुलगी, चाचाची मुलगी

मी नांदेडचा. बारावीला लातूरला खोली करून राहिलो. एका रात्री मेसवरून येताना रूममेटने विचारलं, "तुमच्यात बहिणीशीच लग्न लावतात म्हणे?" माझे अम्मी-अब्बा सख्ख्या भावांची लेकरं. राग आला. मी विचारलं, "तुझ्या आईचं माहेर कुठलं?" तो म्हणाला, "आजीचंच. आई म्हणजे पप्पांच्या मामाची मुलगी." मग दोघेही गप्प.

पुढे नोकरीत उत्तर प्रदेशच्या एका हिंदू सहकाऱ्याला हा किस्सा सांगितला. त्याला दोन्ही लग्नं सारखीच अशक्य वाटली! मी सगळा फरक हिंदू-मुस्लिम असाच धरून चाललो होतो. तो हिशेब चुकला.

इरावती कर्वे यांनी 1953 च्या 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' या ग्रंथात नातेसंबंधांवरून भारताचे चार विभाग केले. उत्तरेत भावंडांत लग्न वर्ज्य, दक्षिणेत मामे-आतेभावंडांचं लग्न रूढ, आणि महाराष्ट्र मधल्या विभागात. म्हणजे रूढी फक्त धर्माने ठरत नाही, मुलुखानेही ठरते. इस्लामनेही चुलत-मामे लग्नाला परवानगी दिली आहे, सक्ती केलेली नाही.

सामाजिक मानवशास्त्र "हे चूक की बरोबर?" इथून सुरुवात करत नाही. या समाजात 'बहीण' कुणाला म्हणतात, अशा लग्नाने कोणती घरं जोडली जातात, असं आधी विचारतं. पण समजून घेणं म्हणजे समर्थन नव्हे. जवळच्या नात्यातल्या लग्नात काही आनुवंशिक आजारांचा धोका वाढतो. चाचाची मुलगी असो वा मामाची. आणि मुलीला विचारलं का, हा प्रश्न दोन्ही घरांना लागू आहे.

मित्रांनो, हीच नजर आपल्या घरावरही टाकायला हवी. "आपल्यात जात नाही," असं आपण म्हणतो. इम्तियाज अहमद यांनी भारतीय मुस्लिमांमधल्या जातींवर संपादित केलेला ग्रंथ 1973 चा आहे. मध्यंतरी माझ्या बहिणीसाठी एक रिश्ता आला. मुलगा शिकलेला, नोकरीवाला, पण नदाफांचा. "आपल्यात बसत नाही," घरातले म्हणाले. बहिणीला कुणी विचारलं नाही. लातूरच्या त्या खोलीत उलट प्रश्न विचारणारा मी, त्या दिवशी चहा पीत गप्प बसलो.

परवा बहिणीला फोन करून विचारलं, तुझं काय मत होतं? ती म्हणाली, "भाई, हे तेव्हा विचारायचं होतं."