आग कोणाकडे वळवलीय?

हॉस्टेलच्या भिंतीवर बॉब मार्लेचं पोस्टर लावणाऱ्यांना त्यातला धूर बरोबर कळतो. आगीचं मात्र सोयरसुतक नसतं. 1930 च्या दशकात जमैकात उभा राहिलेला रास्ताफारी पंथ 'फायर' म्हणतो, तेव्हा त्याला निवाडा म्हणायचा असतो. गुलामगिरी, गोऱ्यांची सत्ता, तिचे पोलीस, तिला आशीर्वाद देणारं चर्च, या सगळ्यांसाठी त्यांनी बायबलमधून एकच नाव उचललं, बॅबिलॉन. ते जळून जावं ही त्यांची प्रार्थना. न्याबिंगी मेळाव्यात ढोल वाजतात, अंगणात धुनी पेटलेली असते आणि बॅबिलॉनवर शब्दांचा मारा चालतो. काडेपेटी घेऊन कुणाच्या दारात जायचं नसतं.

मला हे प्रतीक आवडतं, म्हणूनच त्याच्या भक्तांशी माझं भांडण आहे. पुढे हीच आग डान्सहॉलच्या काही गायकांनी समलिंगी माणसांवर वळवली. ब्रिटनमध्ये 'स्टॉप मर्डर म्युझिक' ही मोहीम उभी राहिली, कार्यक्रम रद्द झाले. त्यावरचा बचाव ठरलेला : आमची आग शब्दांची आहे, शुद्ध करणारी आहे, तुम्हाला आमची संस्कृती कळत नाही. माझे रेगेवेडे मित्रही हेच ऐकवतात. प्रतीक आहे रे, प्रतीकासारखं घे.

नाही घेणार. मी जिवतीचा आहे. ऑगस्ट 2021 मध्ये आमच्या तालुक्यातल्या वणी खुर्दला भानामतीच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना भर चौकात बांधून मारलं. तिथे आग नव्हती. मे 2024 मध्ये शेजारच्या गडचिरोलीत, एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्यात ती होती. जादूटोण्याच्या संशयावरून एका बाईला आणि एका पुरुषाला मारहाण करून जाळून टाकलं. जादूटोणाविरोधी कायदा येऊन तेव्हा दहा वर्षं उलटली होती.

जमैकाच्या गाण्याचा बारसेवाड्याशी काही संबंध नाही, हे मलाही कळतं. पण 'शुद्ध करायचंय' हा शब्द दोन्हीकडे एकच काम करतो. समोरचा माणूस माणूस राहत नाही, घाण होतो. आणि घाण जाळताना कुणाचा हात कापत नाही. खुद्द रास्तांना हे कुणी सांगायला नको होतं. 1963 साली कोरल गार्डन्सच्या घटनेनंतर जमैकाच्या पोलिसांनी त्यांना निव्वळ रास्ता म्हणून उचललं, मारलं, त्यांच्या जटा कापल्या. सरकारला माफी मागायला 2017 उजाडलं.

आग हातात धरायची कशी, ते बघायला मला तर जमैकापर्यंतही जावं लागत नाही. 25 डिसेंबर 1927, महाड. परिषदेला जागा मिळेना, ती दिली फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं. खड्डा खणून त्यात चंदनाची लाकडं रचली होती. बाबासाहेबांच्या साक्षीनं मनुस्मृती जळाली. माणूस एकही नाही. दहनाचा ठराव मांडला गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी, आणि ते जन्मानं ब्राह्मण. आगीचा रोख ब्राह्मण माणसांवर असता, तर सहस्रबुद्धे त्या खड्ड्यात असते, खड्ड्याकाठी नव्हे.

मग रेगे ऐकायचंच नाही का, असं मित्र चिडून विचारतात. ऐका की. वेलर्सचा 1973 चा 'बर्निन' गडचांदूरहून डोंगर चढणाऱ्या एसटीत मीही ऐकतो. त्या दुसऱ्या गाण्यांचं समर्थन करायला मात्र मला बोलावू नका.