‘बाबा आला’ हे किती शब्द?

मराठी भाषा नेमकी कोठे मरते, या विषयावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. कोणी म्हणतो मंत्रालयात, कोणी म्हणतो इंग्रजी शाळेच्या फाटकाशी, कोणी दूरचित्रवाणीला दोष देतो. राजवाड्यांनी ती मुमूर्षू आहे काय असा प्रश्न विचारून ठेवल्यापासून या चर्चेला खंड असा पडलेलाच नाही. या यादीत आम्हांला आणखी एका जागेची भर घालायची आहे. ती जागा म्हणजे परदेशातल्या बालरोगतज्ज्ञाची तपासणीची खोली. भिंतीवर हत्ती-जिराफांची चित्रे असतात, टेबलावर पांढरा कागद अंथरलेला असतो, आणि खोलीतला प्रत्येक जण मुलाचे भलेच चिंतीत असतो. म्हणूनच तेथे काय घडले हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. 2023 सालच्या उन्हाळी सुटीत आमच्यापैकी एकीच्या धाकट्या बहिणीकडे, न्यू जर्सीला, आम्ही महिनाभर राहिलो. तिच्या मुलाला त्याच महिन्यात दोन वर्षे पूर्ण झाली आणि त्याच्या तपासणीची वेळ आली. अमेरिकेत अशा तपासण्यांचे वेळापत्रक मोठे काटेकोर असते. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यापासून सुरुवात होते. मग एक, दोन, चार, सहा, नऊ, बारा, पंधरा, अठरा, चोवीस, तीस महिने, आणि तिसऱ्या वर्षानंतर दरवर्षी. उंची, वजन, डोक्याचा घेर, लसी हे सगळे आलेच. शिवाय ठरावीक टप्प्यांवर विकासाची आणि स्वमग्नतेची चाचणी म्हणून आईवडिलांना प्रश्नावली भरावी लागते. ही व्यवस्था उत्तम आहे, हे आधीच सांगून टाकतो. आमचे भांडण तपासणीशी नाही.

प्रश्नावली इंग्रजीत होती. मूल किती शब्द बोलते, असा एक प्रश्न होता. बहिणीने बोटांवर मोजले आणि अकरा असे लिहिले. दोन शब्द जोडून बोलते का, या प्रश्नापुढे तिने ‘नाही’वर खूण केली. आम्ही शेजारी बसून चकित झालो. हेच पोर सकाळपासून मंमं, गाई, भुर्र, बाऊ, चिऊ, काऊ, माऊ, हम्मा, नको, दे, ये असे काय काय बोलत आमच्या मागे फिरत होते. आदल्याच संध्याकाळी दार वाजल्याबरोबर ते ‘बाबा आला’ म्हणून धावले होते, आणि थोड्या वेळाने ‘आई आली’ म्हणून. आम्ही हे हळूच सुचवले. तेव्हा बहीण म्हणाली, “ताई, ते मराठी झालं. हे इंग्रजीचं विचारतायत.”

प्रश्नावलीत ‘इंग्रजीतले’ असा शब्द कोठेही नव्हता. तो तिने मनाने घातला. आमच्या मते या प्रकरणाचे मूळ तेथे आहे.

डॉक्टरबाई आल्या. आडनावावरून त्या आंध्राकडच्या घरातल्या असाव्यात. बोलायला अतिशय मृदू. त्यांनी कागद पाहिला, घरात कोणती भाषा बोलता असे विचारले, आणि दोन भाषांमुळे मुलाचा गोंधळ होत असावा, काही महिने एकाच भाषेवर भर देऊन पाहा, असा सल्ला दिला. ती एक भाषा कोणती, हे त्यांनी सांगितले नाही. कोणी विचारलेही नाही. आपल्या घरातली तेलुगू कोणत्या वर्षी आणि कोणत्या खोलीत संपली, हे त्यांना आठवत असेल का, असा एक आगाऊ प्रश्न आमच्या मनात येऊन गेला. आम्ही तो विचारला नाही. त्या रात्री जेवणाच्या टेबलावर घराची भाषा बदलली. कोणताही ठराव झाला नाही. ‘मंमं झालं का’ याच्या जागी एक इंग्रजी वाक्य आले, आणि पोराने मान वर करून आईकडे पाहिले.

आता ‘आला’ आणि ‘आली’ याविषयी थोडे मास्तरकीचे बोलू. जे मूल बाबा येताना ‘आला’ म्हणते आणि आई येताना ‘आली’ म्हणते, त्याने कर्ता आणि क्रियापद जोडले आहे, इतकेच नव्हे तर क्रियापदाचे रूप कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलते हा नियमही पकडला आहे. पदवीच्या वर्गात कर्तरी प्रयोग समजावताना आम्हांला जेवढे कष्ट पडतात तेवढे या बाळाला पडलेले दिसत नव्हते. इंग्रजीत हा भेद नाहीच. तेथे आई आणि बाबा एकाच रूपाने येतात. म्हणजे मुलाजवळ इंग्रजी मापात न मावणारी गोष्ट होती, आणि कागदावर तिची नोंद झाली ती ‘नाही’ अशी. दोन वर्षांच्या मुलाने निदान दोन शब्द जोडावेत, ही अपेक्षा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2022 साली सुधारलेल्या यादीतही आहे. ती या मुलाने कधीच पुरी केली होती.

आम्ही त्या रात्री हे बोललो, तेव्हा बहीण रडवेली होऊन म्हणाली, “तुम्हाला मराठीची पडली आहे. मला माझ्या मुलाची पडली आहे.”

या वाक्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. भाषेच्या अभिमानासाठी एखाद्या मुलाचा विकास पणाला लावावा, असे म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही. मराठी सोडल्याने मुलाचे खरोखर भले होत असेल, तर मराठी सोडावी. प्रश्न एवढाच की भले होते का?

दोन भाषांनी मुलाची बुद्धी गोंधळते, ही समजूत जुनी आहे. 1923 साली सेअर या संशोधकाने वेल्समधल्या वेल्श-इंग्रजी मुलांची परीक्षा घेऊन खेड्यांतली द्विभाषिक मुले मागे असल्याचा निष्कर्ष काढला. त्या काळच्या अशा परीक्षांत गरिबी, शाळा, परीक्षेची भाषा यांचा नीट विचार नव्हता. 1962 साली पील आणि लॅम्बर्ट यांनी माँट्रियलमध्ये सामाजिक स्तर समान ठेवून मुले तपासली, तेव्हा द्विभाषिक मुले मागे पडली नाहीत. उलट पुढे होती. 1993 साली पिअर्सन, फर्नांडिस आणि ओलर यांनी स्पॅनिश-इंग्रजी बाळांचे शब्द मोजले. एकाच भाषेतले मोजले तर बाळ मागे दिसू शकते; दोन्ही भाषांतले मिळून मोजले तर एकभाषिक मुलांच्या बरोबरीने उभे राहते. आमच्या भाच्याच्या बाबतीत नेमकी ही बेरीज कोणी केली नव्हती.

यावर कोणी म्हणेल, ही निरोगी मुलांची गोष्ट झाली. ज्याला खरोखर दोष आहे त्याचे काय? त्याचेही उत्तर आहे. 2005 साली केनेडात के-रेनिंग बर्ड आणि सहकाऱ्यांनी डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांचा अभ्यास केला. द्विभाषिक मुलांची इंग्रजी तशाच एकभाषिक मुलांच्या तुलनेत उणी नव्हती. मुलाला भाषेचा खरा विकार असेल तर तो त्याच्या दोन्ही भाषांत दिसतो, आणि एक भाषा काढून घेतल्याने बरा होत नाही. कानाला कमी ऐकू येत असेल तर इंग्रजीही कमीच ऐकू येणार.

म्हणून ‘घरात इंग्रजी बोला’ हा सल्ला आम्हांला दुहेरी घातक वाटतो. मूल निरोगी असेल तर त्याची भाषा विनाकारण जाते. मूल आजारी असेल तर काहीतरी उपाय केल्याचे समाधान आईबापांना मिळते आणि खरी तपासणी लांबते. अमेरिकेतच 1986 सालापासून तीन वर्षांखालच्या मुलांसाठी कायद्याने लवकर मदतीची योजना आहे. आईबाप स्वतः फोन करून मूल्यमापन मागू शकतात, त्याला पैसे पडत नाहीत, आणि शक्य असेल तेथे हे मूल्यमापन मुलाच्या घरच्या भाषेत व्हावे असा नियम आहे. त्या खोलीत हे कोणी सांगितले नाही. आम्हीही तेव्हा जाणत नव्हतो. घरी परतल्यावर वाचले. ज्या देशाचा कायदा मुलाच्या मातृभाषेला दाराशी उभे राहू देतो, त्या देशात तिला घराबाहेर काढण्याचे काम आपणच करतो.

आपल्या बाजूचा अपराधही लपवू नये. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचे आजोबा चौथ्या वर्षी बोलले’, ‘जिभेला वेखंड लावा’ हे सल्ले फोनवरून देणाऱ्या आज्या-मावश्यांनी मुलांचे काही कमी नुकसान केलेले नाही. बहिऱ्या मुलाची दोन वर्षे वेखंडात गेली तर ती परत मिळत नाहीत. डॉक्टरांचे ऐकू नका, असे आम्ही म्हणत नाही. डॉक्टरांना पुरी माहिती द्या, असे म्हणतो. आणि मराठी ही त्या माहितीचा भाग आहे.

मराठी गेल्यावर तिच्या जागी काय येते, हेही पाहिले पाहिजे. बहीण आणि मेहुणे दोघेही चांगली इंग्रजी बोलतात. पण ती कचेरीची इंग्रजी आहे. तिच्यात मुदती आहेत, अहवाल आहेत, सौजन्य आहे. मांडीवरच्या मुलाशी लाडीगोडी करायची, त्याला दटावायचे, घास भरवताना चिऊकाऊची गोष्ट लांबवत न्यायची, ही इंग्रजी त्यांना कोणी शिकवलेली नाही. त्यामुळे वाक्ये आखूड झाली. मुलाला भाषा जास्त मिळावी म्हणून केलेल्या उपायाने घरातले बोलणेच कमी झाले. लिली वाँग फिलमोर यांनी 1991 साली अमेरिकेतल्या स्थलांतरित कुटुंबांविषयी हेच लिहिले होते: मूल लहानपणीच इंग्रजीकडे ढकलले गेले की घरची भाषा जाते, आणि तिच्याबरोबर आईबापांचा मुलाशी संवादही जातो.

आता आमच्या व्यवसायबंधूंकडे वळू. परदेशस्थ मराठी माणसावर आपण किती लिहिले, किती शिकवले! बर्फ, डॉलर, एकाकी आईवडील, गणपतीची आरास, परतावे की न परतावे हा सनातन पेच. त्यावर प्रबंध झाले, चर्चासत्रे झाली, ‘अस्मितेचा शोध’ या शीर्षकाखाली किती निबंध आम्ही स्वतः तपासले याची मोजदाद नाही. पण आई प्रश्नावली भरते आणि आपल्याच भाषेतले शब्द वगळते, तो क्षण आमच्या वाचनात क्वचितच आला. तो लिहिण्याजोगा वाटला नसावा, कारण त्यात ना खलनायक आहे ना हुंदका. अस्मिता गेली ती अशा फालतू वाटणाऱ्या रकान्यातून, आणि आपण तिचा शोध विमानतळावर घेत बसलो.

आणि परदेशालाच का नावे ठेवावीत? पुण्यात बालवर्गाच्या प्रवेशाच्या वेळी ‘घरी थोडं इंग्रजी बोलत जा’ हा सल्ला आमच्या सहकाऱ्यांनीही मान डोलावून ऐकला आहे, आणि त्यांतले काही मराठीचेच प्राध्यापक आहेत. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आमच्या विभागात पेढे वाटले गेले. ज्या भाषेचे प्राचीनत्व आपण शिलालेखांनी सिद्ध केले, तिच्यातले दोन वर्षांच्या पोराचे ‘बाबा आला’ हे दोन शब्द म्हणून मोजावेत, एवढे मात्र आपल्याला कोणाला पटवता आलेले नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात भाचा आईबरोबर साताऱ्याला आला. साडेतीन वर्षांचा, तरतरीत, अखंड बोलणारा. त्याला कधीच कोणता विकार नव्हता. आजीने त्याला जवळ घेऊन विचारले, “दमलास का रे राजा?” त्याने आजीकडे पाहिले, मग आईकडे पाहिले आणि वाट पाहिली. बहिणीने वाक्याचे इंग्रजी करून दिले. त्याने उत्तर दिले. त्याचे तिने मराठी केले. दोन फुटांच्या अंतरावर बसलेल्या आजी-नातवामध्ये ती दुभाषी होऊन उभी होती. नंतर स्वयंपाकघरात ती आम्हांला म्हणाली, “ताई, तो ‘आली’ म्हणायचा ना गं?” आम्ही हो म्हणालो. आणखी काय म्हणणार?

वाद जिंकल्याचा आनंद आम्हांला झाला नाही. पण ज्यांची मुले आज दीड-दोन वर्षांची आहेत, त्यांना एक सांगणे आहे. पुढच्या तपासणीला जाताना लसीच्या कार्डाबरोबर एक साधी वही न्या. तीत मूल जे जे बोलते ते लिहा, मंमंसुद्धा, हम्मासुद्धा. मराठी एका बाजूला, इंग्रजी दुसऱ्या बाजूला, खाली बेरीज. डॉक्टरांनी एकच भाषा बोला म्हटले तर का, असे नम्रपणे विचारा. शंका उरली तर कान तपासून घ्या आणि घरच्या भाषेतले मूल्यमापन मागा. आमच्या भाच्याची अशी वही कोणी केली नाही. आम्ही महिनाभर त्याच्या शेजारी बसून होतो, आम्हीही नाही.